मधुमेहाची गोळी आणि वनस्पतींचे चूर्ण एकत्र घेताना: अर्ध्या तासाच्या अंतराने काय साधते, काय साधत नाही

आपण लिहिले आहे ते थोडक्यात असे. आपल्या आईंचे वय ६६ आहे. गेली बरीच वर्षे त्या ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी सकाळ-संध्याकाळ घेतात आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. पाच आठवड्यांपूर्वी मामांनी गावाकडच्या एका जाणकाराकडून गुडमार, कारले, जांभळाची बी, मेथी आणि गुळवेल यांचे चूर्ण आणून दिले, ते त्या दोन्ही वेळा एक चमचा घेत आहेत. उपाशीपोटीची साखर १६० ते १७० असायची, ती आता १०५ च्या आसपास आली आहे. मधल्या काळात दोनदा दुपारी जेवणाआधी त्यांना दरदरून घाम आला, गरगरले आणि लाडू खाल्ल्यावर बरे वाटले. गोळी आणि चूर्ण यांत किती अंतर ठेवावे आणि साखर आटोक्यात आल्यामुळे मूत्रपिंडाला त्रास देणारी इंग्रजी गोळी आता बंद करता येईल का, हे आपले दोन मुख्य प्रश्न आहेत.

मला यात तिसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे तो घाम. आपण तो ओघात सांगितला आहे, पण माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली सर्वांत तातडीची ओळ तीच आहे. घाम, गरगरणे आणि गोड खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटणे ही लक्षणे साखर फार खाली गेल्याची असण्याची शक्यता मोठी आहे. त्या वेळी ग्लुकोमीटरवर तपासले गेले नसल्यामुळे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण ज्या गोळ्या त्या घेत आहेत आणि ज्या वयात घेत आहेत ते पाहता, तसे नसल्याचे सिद्ध होईपर्यंत तसेच आहे असे मानून वागावे.

आता अंतराकडे वळतो, कारण हा समज मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबात भेटतो. दोन औषधांत अर्धा तास किंवा एक तास ठेवला की ती एकमेकांच्या आड येत नाहीत, असे लोक मानतात. हे अर्धवट खरे आहे. मेथीत चिकट तंतू भरपूर असतात, इसबगोलातही असतात, आणि ते पोटात दुसऱ्या औषधाचे शोषण मंदावू शकतात. म्हणून थायरॉइडची गोळी किंवा इतर महत्त्वाची औषधे मेथीच्या चूर्णापासून दूर घ्यावीत, हा सल्ला योग्य आहे. मात्र अंतर ठेवल्याने औषधांची पोटातली भेट टळते, रक्तातली टळत नाही. ग्लिमेपिराइडचा परिणाम जवळपास दिवसभर टिकतो. चूर्णातल्या घटकांचा परिणामही तासाभरात संपत नाही. दोघेही साखर खाली ओढणारे असतील, तर सकाळी आठला एक आणि नऊला दुसरे घेतले तरी दुपारी बाराला दोघांचा जोर एकत्रच लागतो. हे नवे ज्ञान नाही. ब्रिटनमधील एका मधुमेही स्त्रीच्या बाबतीत, जेवणातले कारले आणि क्लोरप्रोपामाइड ही ग्लिमेपिराइडच्याच कुळातली जुनी गोळी यांचा परिणाम एकमेकांत मिळाल्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९७९ साली आली होती.

इथे गोळ्यांमधला फरक समजून घ्यावा लागतो, कारण धोका 'इंग्रजी अधिक आयुर्वेदिक' एवढ्यावर ठरत नाही. आधी चाललेली गोळी कोणती आहे यावर तो ठरतो. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि एकटी असताना साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या साखर वाढलेली असतानाच मुख्यतः काम करतात, त्यामुळे त्यांचाही हा धोका कमी आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड यांची गोष्ट वेगळी आहे. त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात आणि रक्तात साखर किती आहे, रुग्ण जेवला आहे की नाही, हे पाहून थांबत नाहीत. इन्शुलिनच्या इंजेक्शनाचेही तसेच आहे. म्हणून फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने रोज मेथीचे दाणे खाल्ले तर मी फारशी चिंता करत नाही. ६६ वर्षांच्या, दिवसाला ४ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईंनी घटकांचे प्रमाण माहीत नसलेले चूर्ण सुरू केले, तर मी चिंता करतो.

आईंच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. मेटोप्रोलॉलसारखी औषधे छातीतली धडधड आणि हातांची थरथर दाबून टाकतात. साखर उतरल्याची सूचना शरीर ज्या खुणांनी देते, त्यांतल्या दोन ठळक खुणा त्यामुळे पुसट होतात. घाम मात्र सहसा राहतो. आईंना घाम आला, पण धडधडले नाही, म्हणून 'उन्हाने झाले असेल' असे घरच्यांना वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. यापुढे मात्र कारण नसताना आलेला घाम, अचानक चिडचिड, बोलण्यातली असंबद्धता किंवा डोळ्यांसमोर अंधारी, यांतले काहीही झाले की आधी बोटाला सुई टोचून साखर पाहावी. ७० च्या खाली असेल तर लाडू देऊ नये, कारण तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि साखर वर आली की भाकरी किंवा भात असे काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि सरळ रुग्णालय गाठावे. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे अशा रुग्णाला सलाइन लावून लगेच घरी आणणे योग्य नसते. कोणाच्या गोळीत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज असेल तर घरची साखर लवकर पचत नाही. त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे चूर्ण. वनस्पतींचा साखरेवर काहीच परिणाम होत नाही असे मी म्हणत नाही, आणि म्हणणारे माझे सहकारी मला उतावळे वाटतात. मेटफॉर्मिनची मूळ प्रेरणाच गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या युरोपातल्या एका वनस्पतीतल्या द्रव्यातून आली. डॅपाग्लिफ्लोझिनच्या कुळातल्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांचा माग सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनपर्यंत जातो. आपल्याकडे विजयसारावर, म्हणजे ज्याच्या लाकडाचे पेले विकायला असतात त्या बिबळ्यावर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत अभ्यास केला होता आणि तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, हिच्या लखनौच्या प्रयोगशाळांनी विकसित केलेल्या बीजीआर-३४ मध्ये दारुहळद, गुळवेल, विजयसार, गुडमार, मंजिष्ठा आणि मेथी आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेच्या आयुष-८२ मध्ये कारले, जांभूळ, आंब्याची कोय, गुडमार आणि शिलाजित आहे. या वनस्पतींचा परिणाम मात्र बहुधा सौम्य आणि संथ असतो, आणि तो पिकाच्या जागेवर, वाळवण्यावर, चमच्याच्या आकारावर बदलतो. गोळीतले २ मिलिग्रॅम आज आणि पुढच्या महिन्यात सारखेच असतात. गावाहून आलेल्या चूर्णाच्या पुढच्या डब्यात कारले जास्त आहे की मेथी, हे आणणाऱ्या मामांनाही सांगता येणार नाही.

म्हणूनच फार चांगला परिणाम दिसला की मी खूश होण्याआधी सावध होतो. पाच आठवड्यांत साखर साठने उतरणे शक्य आहे. त्याच सुमारास आईंनी भात कमी केला असेल, रोज चालू लागल्या असतील, गोळी विसरणे थांबले असेल, तर ते सगळे त्यात धरावे लागेल. पण तसे काहीच बदलले नसेल तर एक शंका मनात ठेवावी लागते, ती म्हणजे चूर्णात स्वस्त ॲलोपॅथिक गोळी कुटून मिसळलेली असण्याची. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले अनेक जण साखर अतिशय खाली गेल्याने रुग्णालयात आले आणि काही दगावले. त्यामागे शक्तिवर्धक म्हणून बेकायदा विकल्या जाणाऱ्या औषधांतली ग्लिबेनक्लामाइडची भेसळ निघाली. याच्या उलट प्रकार माझ्याकडे जास्त वेळा येतो. सांधेदुखीवर 'जडीबुटी'ची पुडी घेणाऱ्या रुग्णाची साखर कारणाशिवाय चढत जाते आणि पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा लागतो. आईंना गुडघ्यासाठी कोणी असे काही देत असेल तर तेही विचारून घ्या. लोक मधुमेहाच्या डॉक्टरांना फक्त मधुमेहाचीच औषधे सांगतात.

धातूंचाही विचार करावा लागतो. साध्या वनस्पतींच्या चूर्णात धातू असण्याचे कारण नाही, पण मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या काही रसौषधींत भस्मे, म्हणजे धातू जाळून केलेल्या पुडी, असतात. त्रिवंग भस्मात शिसे, कथील आणि जस्त हे तिन्ही असतात. शुद्धीकरणाच्या पारंपरिक पद्धतींविषयी वैद्यांचे जे म्हणणे आहे ते बाजूला ठेवले, तरी अशी औषधे वैद्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय घेऊ नयेत, हे कायद्यालाही मान्य आहे. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मधील, म्हणजे विषारी मानल्या गेलेल्या द्रव्यांच्या यादीतली, द्रव्ये असलेल्या आयुर्वेदिक औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापणे बंधनकारक आहे. सुट्या पुडीवर असे काहीच छापलेले नसते. पोटात कळा, न हटणारी बद्धकोष्ठता आणि कारण न सापडणारा रक्तक्षय असे एकत्र दिसले तर रक्तातले शिसे तपासावे लागते.

चूर्णातल्या घटकांपैकी गुळवेलीबद्दल मी आपल्याला वेगळे सांगेन. करोनाच्या काळात गुळवेल घरोघरी गेली आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा घोटाळा असू शकतो असे म्हटले. माझ्यासाठी दोन्ही बाजूंचा व्यावहारिक अर्थ एकच निघतो. वेल ओळखण्यात चूक होऊ शकत असेल तर अनोळखी पुडीतली गुळवेल आणखी जपून घ्यावी. भूक मंदावणे, मळमळ, गडद लघवी किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही झाले तर चूर्ण थांबवून यकृताची तपासणी करावी. आईंना थायरॉइडचा किंवा सांध्यांचा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असेल तर मी गुळवेल देणारच नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण चूर्णासोबत रसही सुरू होतात. कारल्याची भाजी खुशाल खावी. ते अन्न आहे आणि त्याच्या प्रमाणाला पोटच आवर घालते. सकाळी उपाशीपोटी वाटीभर रस पिणे हा औषधाचा डोस आहे. दुधीचा रस घेत असाल तर आधी थेंबभर चाखून पाहा आणि कडू लागला तर फेकून द्या. कडू दुधीतली विषारी द्रव्ये रक्ताच्या उलट्यांपर्यंत नेतात आणि त्याने मृत्यूही झाले आहेत. आसवे, अरिष्टे आणि अवलेह यांत गूळ, मध किंवा साखर असते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मग आपण काय करावे? मी समोर असतो तर या क्रमाने विचार केला असता. घटकांचे प्रमाण ज्याचे माहीत नाही ते चूर्ण आजच थांबवायचे आणि ज्याचा डोस माहीत आहे ती गोळी डॉक्टरांना भेटेपर्यंत चालू ठेवायची. चूर्ण थांबल्यावर साखर पुन्हा १५० किंवा १६० झाली तर तेवढ्यासाठी काही आठवड्यांत आकाश कोसळत नाही, आणि निर्णय घ्यायला वेळ मिळतो. दुपारी एकट्या असताना साखर ५० वर घसरून आई पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तर तो वेळ मिळत नाही. डॉक्टरांची भेट मात्र याच आठवड्यात घ्या. तोवर जेवणाच्या वेळा पुढे ढकलू नका. चूर्ण थांबवूनही घाम आला किंवा ७० च्या खाली आकडा दिसला तर त्याच दिवशी फोन करून ग्लिमेपिराइडचे काय करायचे ते विचारा. पुष्कळदा या वयात ती निम्मी करणे किंवा बदलणे हाच निर्णय होतो, चूर्ण असो वा नसो.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांचे नसले तरी चार-पाच दिवसांचे आकडे न्या: उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि जेव्हा जेव्हा बरे वाटत नाही तेव्हा. आईंची घसरण दुपारी होते, त्यामुळे फक्त सकाळची साखर पाहून ती दिसणार नाही. एचबीए१सी चांगला आला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. ती दोन-तीन महिन्यांची सरासरी आहे आणि वरचे आकडे खालच्या आकड्यांना झाकून टाकतात. शिवाय रक्तक्षय असेल तर ती सरासरीही फसवी निघते. क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करते ते सांगणारा आकडा) आणि यकृताच्या तपासण्या मी करून घेईन. चूर्णाचा डबा सोबत न्या, लपवू नका. काही डॉक्टर चिडतात, हे खरे आहे. तरीही डबा टेबलावर ठेवा, कारण चूर्ण माहीत नसलेला डॉक्टर १०५ आकडा पाहून 'छान चालले आहे, तेच चालू ठेवा' असे म्हणेल.

यानंतरही आईंना वनस्पतिजन्य औषध घ्यायचेच असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण ते नोंदणीकृत पदवीधर वैद्यांनी लिहून दिलेले, घटक आणि बॅच क्रमांक छापलेले असावे आणि दोन्ही डॉक्टरांच्या कागदांवर दोन्हींकडची औषधे लिहिलेली असावीत. एका वेळी एकच बदल करायचा. नवे औषध सुरू केले त्या पंधरवड्यात गोळी बदलायची नाही आणि गोळी बदलली तेव्हा नवे औषध सुरू करायचे नाही, नाहीतर आकडा कोणामुळे हलला ते कोणालाच कळत नाही. साखर खाली येऊ लागली तर मी आधी ग्लिमेपिराइड कमी करतो, मेटफॉर्मिन शेवटपर्यंत ठेवतो. 'गोळी कायमची सोडवून देतो' असे सांगणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे.

काही जणांना मी अशा वनस्पतिजन्य औषधाला सरळ नकार देतो: गरोदर स्त्रिया, मूत्रपिंड किंवा यकृत बरेच बिघडलेले रुग्ण, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणारे आणि अवयव-प्रत्यारोपण झालेले. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या, म्हणजे टाइप १ च्या रुग्णाने चूर्णाच्या भरवशावर इन्शुलिन थांबवले तर काही दिवसांत जिवावर बेतते. त्यात अपवाद नाही. मोतीबिंदूची का होईना, शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना चूर्णाविषयी आधीच सांगावे.

राहिला मूत्रपिंडाचा प्रश्न. मेटफॉर्मिन मूत्रपिंड खराब करत नाही. मूत्रपिंड आधीच दुबळे झाले असेल तर ती अंगात साठू नये म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर डोस कमी करतात आणि ३० च्या खाली ती बंद करतात. यावरूनच 'गोळीने किडनी जाते' असा उलटा समज पसरला असावा. मूत्रपिंड खराब करणारी खरी कारणे वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब ही आहेत. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, तेवढे मात्र तपासून घ्या. पायांना मुंग्या येत असतील तर नक्कीच.

आपण शेवटी चातुर्मासातल्या उपासांविषयी विचारले आहे. एकादशीला आई दिवसभर फराळावर राहणार असतील तर त्या दिवशीची ग्लिमेपिराइड किती आणि केव्हा घ्यायची हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या, मेटफॉर्मिनचेही विचारा, आणि दुपारी एकदा साखर तपासा. साबुदाण्याच्या खिचडीनंतर आकडा चढेल आणि चार-पाच तासांनी उतरेल. त्या चढलेल्या आकड्याला घाबरून कोणी जास्तीचे चूर्ण देऊ नये, एवढे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.